जावयाचा स्कॅन

— नाही हो ताई, पोटात सुई खुपसून तुकडाबिकडा नाही काढत ह्यात. दंडातून औषध सोडतात आणि माणसाला मशीनमध्ये सरकवतात, बस. माझा जावई आहे आत. सोनोग्राफीत लिव्हरवर वण दिसले होते, पण ते जुने की अजून पडतायत ते कुठं कळतं? ह्यात कळतं म्हणे — जिथं वण आत्ता तयार होतोय तिथंच ते औषध जाऊन चिकटतं, पडद्यावर उजळतं. खोटं बोलायची सोयच नाही. कारण हा काय म्हणतो, दारू सोडली. लिफ्ट दुरुस्तीची त्यांची ती टोळी, कामावरून सुटली की कुठं जाऊन बसते ते मला माहीत नाही? पण माझी लेक भोळी, तिचा विश्वास. शेवटी मीच म्हटलं, मशीन सांगेल ते खरं. वण नवे निघाले म्हणजे हा अजून पितोय — बॅग भरायची, माझ्याकडं यायचं. रडत रडत कबूल झाली.

तसा वाईट नाही हो. मी पाय मोडून पडले होते त्यांच्या घरी, तर उचलून न्यायचा मला न्हाणीपर्यंत. आणि तोंडाला वासही येत नाही हल्ली — मी हुंगते ना, सकाळचं दूध द्यायला जाते तेव्हा. दूध मीच देते, त्यात पूड असते ना — दारूची शिसारी बसते तिनं, एक जण देतो. पिणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. लेकीलाही नाही सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. मग ह्याचे डोळे पिवळे दिसायला लागले, म्हटलं चोरून पितोय, म्हणून चिमटीच्या जागी चमचा टाकायला लागले.

असं काय बघताय?

कसली म्हणजे — करडी, कडवट. झाडपाल्याची असणार, झाडपाल्यानं काय होतंय... तुमच्या दिरांना? असल्याच पुडीनं लिव्हर गेलं? पण तेव्हा ते पीतही नव्हते म्हणता...

डॉक्टरांनी विचारलं होतं हो, आणखी काही औषधबिषध घेता का. तो नाही म्हणाला. त्याला कुठं माहीत. मी शेजारीच उभी होते.

नको, तुम्ही नका उठू. मी सांगेन. सांगेन ना — आधी दिसू दे काय दिसतंय ते, कदाचित जुनेच —

आली लेक. ये बाळा. काय म्हणाले? नवे?... सगळीकडं?

रडू नको. मी म्हटलंच होतं तुला. चल, बॅग भरू. ह्या? ह्या कुणी नाहीत, सहज बोलत होतो. ताई, तुम्हाला आत बोलावत असतील. जा तुम्ही. जा म्हणते ना.