पहिल्या पानावर बटाटे

लेनिनग्राडात मासळीच्या रांगेत लिडियाच्या पुढे दोन म्हातारे एकच पेपर धरून उभे होते.

“प्रोखोर, आपला गडी कालचा डाव जिंकला का रे?”

“पहिल्या पानावर बटाट्याचं पीक आहे.”

“आणि बुद्धिबळ?”

“आत, सर्कशीच्या जाहिरातीखाली. ‘डाव संपला.’ बस्स, एवढंच.”

“म्हणजे त्या पळपुट्यानं धुतलं आपल्या गड्याला! जिंकला असता तर पानभर फोटो आला असता.”

“हळू! नाव घेऊ नकोस त्याचं.”

“घेतलं कुठे? पेपरवालेसुद्धा नुसतं ‘प्रतिस्पर्धी’ म्हणतात.”

“देश सोडून पळाला तेव्हा छापलं होतं, की हा आता संपला.”

“पन्नाशी उलटली तेव्हाही तेच छापलं. लेकाचा दरवर्षी संपतो आणि दरवर्षी आपल्या एकेकाला चोपतो!”

चामड्याचा कोट घातलेला एक गृहस्थ रांग सोडून म्हाताऱ्यांपाशी आला. असे कोट गुप्त पोलिसांचे असत; लिडिया एक पाऊल मागे सरकली.

“कॉम्रेड, कोणाबद्दल चाललंय?”

“बटाट्यांबद्दल हो. यंदा पीक बरं आहे म्हणतात.”

गृहस्थाने मागेपुढे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“ते वाचलं मी. पण बटाटा जिंकला कितव्या चालीत?”