दोन इंच उंच गाडी

भिया, जुनी एसयूव्ही घरीच उंच करायच्या भानगडीत पडू नका. मांडूच्या सहलीसाठी म्हणून मी देवासला आमच्या पोर्चमध्येच लिफ्ट किट बसवलं. गाडी दोन इंच वर आली आणि टपावर वेल्ड केलेलं कॅरियर बीमला अडलं. गाडी बाहेरच निघेना.

आत आईचं हळदीकुंकू चाललं होतं. आई म्हणाली, “ह्या सहाजणींना बसव, दबेल की!”

काकूमंडळी ओट्यावरून सरळ गाडीत बसली. गाडी दबली, अलगद रस्त्यावर आली.

“उतरा आता.”

“एवढ्या उंचावरून? पागल झालास का? आम्ही ओट्यावरच उतरणार!”

झक मारत गाडी रिव्हर्स घेतली. काकू उतरल्या, गाडी पुन्हा वर, पुन्हा अडकली.

आई शांतपणे म्हणाली, “मांडूला कधी जायचंय ते आधी सांगत जा. त्या दिवशी हळदीकुंकू ठेवत जाईन.”