कवटीचा श्वास

(मिसूरीतलं एक ऑस्टिओपॅथी कॉलेज, म्हणजे हाडं-स्नायू हातानं चाचपून उपचार करायला शिकवणारं. प्रॅक्टिकल परीक्षा. लोरीन टेबलावर उताणी. तिचं डोकं वर्गमित्र वेंडलच्या तळहातांत.)

डॉ. प्रूइट : ...तर कवटी म्हणजे दगड नव्हे, वेंडल. ती श्वास घेते. छातीच्या आधीपासून आणि छातीपेक्षा शहाणपणानं. हाडं उमलतात, मिटतात. फक्त हात गप्प बसायला हवा.

वेंडल : गप्पच आहे, सर. वर्षभर गप्प आहे.

लोरीन : घामेजलाय पण.

डॉ. प्रूइट : पेशंटनं बोलू नये! वेंडल, आज नापास झालास तर उन्हाळी वर्ग. अख्खा जून.

वेंडल : जूनमध्ये माझं लग्न आहे, सर.

डॉ. प्रूइट : कुणाशी?

वेंडल : या डोक्याशी.

डॉ. प्रूइट : अरे वा! मग जरा मायेनं धर. मीट डोळे.

वेंडल : काही नाही, सर... अजून काही नाही... थांबा. थांबा! हाललं! कानांच्या वर फुगतंय... आता ओसरतंय...

डॉ. प्रूइट : सरक, बघू दे. अहाहा! काय संथ लय! पुस्तकातल्यासारखी. इतकी बोलकी कवटी माझ्या हाताला कधी लागली नव्हती. पास, पोरा, पास!

वेंडल : लोरीन, ऐकलंस? अगं, तुझं डोकं जिवंत आहे!

डॉ. प्रूइट : आता पेशंटनं बोलावं. काय वाटतंय, लोरीन? ...बोल की. तोंडात काय आहे?

लोरीन : च्युइंगम, सर.

वेंडल : कधीपासून?

लोरीन : गालात सकाळपासून. चघळतेय तू ‘अजून काही नाही’ म्हणालास तेव्हापासून.

डॉ. प्रूइट : आणि ती लय?

लोरीन : तुमच्याच पुस्तकातली. जबडा आवळला की कानावरचा स्नायू फुगतो, हेही तुम्हीच शिकवलंत.

वेंडल : संपलं. आता आईला सांगतो, मांडव ऑगस्टात घाल.

डॉ. प्रूइट : रडू नकोस. हाललं तेव्हाच तू ‘हाललं’ म्हणालास. सकाळपासून बाकीचे सगळे हात लावताक्षणीच ‘हाललं’ म्हणालेत. आणि तू नापास, तर मी कोण?

वेंडल : म्हणजे पास?

डॉ. प्रूइट : पास. लग्नाला बोलवा. लोरीन, ते काढ आधी तोंडातून.

लोरीन : कुठे ठेवू?

डॉ. प्रूइट : कुठेही ठेव! आता स्वस्थ पड. एकदा मीच नीट बघतो.

वेंडल : घ्या, सर. मी सरकलो.

लोरीन : लागलं का काही हाताला, सर?

डॉ. प्रूइट : श्श. ...हो. लागलं.

वेंडल : खरंच? काय, सर?

डॉ. प्रूइट : च्युइंगम. कानामागे.