विजेचे फोटो येताहेत

वीज चमकताना गच्चीवर जाऊ नकोस, असं आई म्हणायची आणि मी हसायचे. आज राजाजीनगरच्या दवाखान्यात बाळाच्या लशीसाठी थांबले होते. बाहेर गडगडत होतं. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

"शंतनू कुठं गेला गं, भव्या?"

"आनेकलच्या तळ्यावर, विजांचे फोटो काढायला."

"फोन लाव की."

"उचलत नाहीये, आत्या. पण फोटो येताहेत. हा बघा, आत्ताचा."

"मग सरी, ठीकच, सुखरूप आहे."

"पण कॅमेरा स्टँडवर असतो, आत्या. आपोआप काढतो, आपोआप पाठवतो."

"मग हा काय करतोय तिथं?"

"काय माहीत. थांबा, अजून एक आला."

आमचा नंबर लागला. परत आले, तर दोघी नव्हत्या.

आता आभाळ निवळलंय. आनेकलला कुणी राहत असाल, तर तळ्याकाठी बघून याल का? शंतनू म्हणून हाक मारा.