झोक्यावरची दिडकी

(निंबोला, इंग्रजी अमदानी. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन दिवस राहिलेले. चुडामणच्या दारापुढच्या निंबाला सणाचा झोका, झोक्यावर त्याची नऊ वर्षांची मुलगी भागी. खाली तिची आई गोदाबाई पऱ्हाट्यांच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, मोळ्या बांधते आहे. शाळेचे वामनमास्तर आपल्या घरून थेट इथेच आलेत.)

वामनमास्तर : नाव कापतो म्हणालो का मी, गोदाबाई? उद्या एक दिवस घरी ठेवा, एवढंच म्हणालो. शाळा तपासायला डिप्टीसाहेब येतील, परीक्षा घेतील, टांग्यात बसून जातील. सण झाला की भागी पुन्हा शाळेत.

गोदाबाई : आन तिच्या बापाले काय सांगू? धूलकोटचे पाहुणे दोनदा मागनी घालून गेले. ‘पोरगी पास झाली त शिकू दे, नही त अखाजीलेच सुपारी फोडतो,’ असा चार लोकांत बोलून बसला तो.

वामनमास्तर : नवव्या वर्षी?

गोदाबाई : माझी आठव्या वर्षी फोडली व्हती. मले कोनी विचारलं नही. हिच्या पाठीशी मी त हाये!

वामनमास्तर : अहो, मला काय हौस आहे? वर्षभर दिडकी घोकून घेतली. बाकीची पोरं मांडी घालून, हाताची घडी घालून दीडपटीचा पाढा घडाघडा म्हणतात. हिला ‘सात दिडे?’ विचारलं की ही आपली माझ्या पागोट्याकडे बघत बसते. साहेबांसमोर अशी गप्प बसली तर शेरा मला मिळेल, मास्तर आळशी म्हणून.

गोदाबाई : शाळेत गप ऱ्हाते? घरी त तिचं तोंड मिटत नही.

वामनमास्तर : गप्पा मारत असेल.

गोदाबाई : आता काय म्हनते ते आयका.

वामनमास्तर : अखाजीचं गाणं. सगळ्याच पोरी म्हणतात.

गोदाबाई : जरा कान त द्या, मास्तर!

भागी : ...पाच दिडे साडेसात, सहा दिडे नऊ, सात दिडे साडेदहा, आठ दिडे बारा...

वामनमास्तर : अरेच्या! भागी, कोणी शिकवलं तुला हे?

भागी : तुम्हीच ना, गुरुजी!

वामनमास्तर : खाली ये बघू. इकडे, माझ्यासमोर. हाताची घडी. हं, सात दिडे?

भागी : ...

वामनमास्तर : सात दिडे, भागी.

गोदाबाई : बोल ना वं! आत्ता त बोलली.

भागी : येते मले, पर उभी राह्यली का जागच्या जागी अटकून जाते.

वामनमास्तर : बघितलंत? ऐन वेळी असंच होणार.

गोदाबाई : मंग तिले वर बसवून विचारा. तुमचं काय जाते?

वामनमास्तर : काय जातंय? भर गावात झोक्यापुढे उभा राहून पाढे विचारतोय, असं कुणी पाहिलं तर... बरं, चढ. चढ लवकर.

भागी : आधी झोका चालू द्या, गुरुजी. दोन हेलकावे. हां, विचारा!

वामनमास्तर : नऊ दिडे?

भागी : साडेतेरा!

वामनमास्तर : अकरा दिडे?

भागी : साडेसोळा!

वामनमास्तर : तेरा सत्ते?

भागी : एक्क्याण्णव! अजून उंच घेऊ?

वामनमास्तर : घे, घे! पंधरा दिडे?

भागी : साडेबावीस! गुरुजी, झोका पुढे जाते तवा तुम्ही विचारता, मांगे येते तवा मले सापडते.

वामनमास्तर : गोदाबाई, हिचं अंग थांबलं की हिचं डोकं थांबतं हो! आणि मी वर्षभर ‘हलू नको, डुलू नको’ म्हणून हिच्या हातावर छड्या मारल्या. किती मारल्या असतील, देव जाणे.

भागी : अकरा.

वामनमास्तर : ...चुकलं माझं, पोरी. मला कळायला हवं होतं.

भागी : आता नही ना मारणार?

वामनमास्तर : नाही. कुणालाच नाही.

गोदाबाई : ते बरं झालं. पर शाळेत झोका कुठून येईन?

वामनमास्तर : होता की शाळेच्या निंबाला! गावातल्या पोरींनी बांधलेला. परवाच आरडाओरडा करून मी तो सोडायला लावला. अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून!

गोदाबाई : वा रे मास्तर! 

वामनमास्तर : हसा, हसा. उद्या उजाडायच्या आत मी स्वतः बांधतो. साहेबांचं टेबल निंबाच्या सावलीत मांडू. या उन्हात आत भट्टीत कोण बसतं? आणि झोका अखाजीचा. सणाचा झोका कसा सोडायचा, असं मीच साहेबांना सांगतो.

गोदाबाई : आन साहेबाले राग आला त?

वामनमास्तर : येऊ दे. रागावतील ते माझ्यावर. पण हिचं उत्तर तर त्यांच्या कानावर पडेल! एकदा पडलं की ते खोटं कसं म्हणतील? आणि चुडामणला सांगा, उद्या कापसाचं काम ठेवून शाळेपुढे येऊन उभा राहा. त्यानंही आपल्या कानांनी ऐकू दे.

गोदाबाई : आनते त्याले. हात धरून आनते!

वामनमास्तर : आता शेवटचं, भागी. साहेबांचा आवडता प्रश्न आहे, भलेभले अडतात. सतरा अठ्ठे?

भागी : सतरा अठ्ठे... थांबा, गुरुजी, फांदीत दोरी अडकली...

गोदाबाई : एकशे छत्तीस.

वामनमास्तर : कोण बोललं?

भागी : आई! तू बोलली?

गोदाबाई : मी... निघून गेलं तोंडातून. ही दिवसभर वर बडबडते, मी खाली मोळ्या बांधते. हात चालू असले का आपोआप कानात बसते.

वामनमास्तर : सतरा नव्वे?

गोदाबाई : एकशे त्रेपन. हसू नको वं, भागे!

भागी : हसत नही आई. खरंच नही.

वामनमास्तर : बरोबर आहे, गोदाबाई. अगदी बरोबर. येतो मी आता, दोर शोधायला हवा.

गोदाबाई : मास्तर, मोळी बांधून होवोस्तोवर थांबा ना. अजून एक विचारा मले.