मुंडीचा वाटा

रत्नागिरीकडे उतरताना राखीव जंगलाच्या वळणावर सर्विस मोटारीने भेकराला उडवले. खळ्यावर भात झोडणारा काशीराम धावत आला आणि मेलेले भेकर ओढून त्याने रस्ता मोकळा केला. तेवढ्यात जंगलखात्याचा शिपाई उगवला. मोटारीत पुढच्याच बाकावर बसलेल्या आगाशेमास्तरांनी घाईघाईने पुस्तक उघडले.

“राखीव जंगलातलं भेकर मारतोस? चल कचेरीत.”

“मी नाय मारलं, साहेब. मोटारीनं मारलंन.”

“रक्त तुझ्या हाताला लागलंय.”

“आणि मोटारीच्या दिव्याला केस चिकटलेत ते माझे काय?”

“मोटारीचे मालक आमच्या साहेबांचे मेव्हणे आहेत.”

“आसं होय! मग भेकराचीच चूक. मेव्हणे येताना बघून बाजूला व्हायला नको?”

“तोंड आवर. हे भेकर जप्त. मुंडी मी घरी नेतो, पुरावा म्हणून.”

“न्या की. आमच्या गावात शिकारीची मुंडी मारणाऱ्यालाच देतात. म्हणजे मारलंत तुम्हीच.”

“चल म्हणतो ना!”

“आणि माझं भात कोण झोडील? तुमचे मेव्हणे? थांबा, ते मास्तर पुढंच बसलेत. मास्तर, तुम्हीच सांगा, कुणी मारलं?”

सांगावे की नाही, हे ठरवता ठरवता मास्तरांनी दोनदा चष्मा पुसला.

“मी... मी वाचत होतो.”

काशीरामने रक्ताचे हात पंचाला पुसले.

“चला, साहेब. पण अर्धी मुंडी मास्तरांना द्या.”