ल्वानला माहेरी ठेवून

आई: दोन दिवस झाले तुला येऊन. आज तरी तोंड उघडणार आहेस, का नुसता लसूणच फोडत बसणार?

जोंगपिल: सांगितलं ना आई. ल्वानच्या वडिलांना बरं नाही. राहिलीय थोडे दिवस.

आई: थोडे म्हणजे किती?

जोंगपिल: माहीत नाही.

आई: आणि तुझ्या पोरीला, दासोमलाही ठेवून आलास. शाळा बुडवून. काल म्हाताऱ्यांच्या बैठकीत मी पाय ठेवला, तर सगळ्याजणी एकदम टीव्हीकडे बघायला लागल्या. टीव्ही बंद होता.

जोंगपिल: बघू देत.

आई: हसू नकोस. पाच दिवसांचं सांगून गेलास आणि सोळा दिवसांनी उगवलास. बावन्न वर्षांत पहिल्यांदा छुसोकच्या सणाला घरी नव्हतास तू. तुझ्या बापाच्या थडग्यावरचं गवत चुलतभावानं कापलं. पितरांचं ताट मी एकटीनं मांडलं, आणि कुणी विचारलं की सांगायचे, येतोय, येतोय. आलास तर एकटा. भांडलात का तिथं?

जोंगपिल: नाही गं. सांगतो सगळं. पण मधे मधे बोलू नकोस.

आई: मी कधी बोलते मधे? ती बारीक पाकळी टाक बाजूला, बियाण्यात नको. हं, सांग.

जोंगपिल: खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. लग्नाच्या दिवशी तिच्या वडिलांनी माझा हात धरला होता आणि दुभाष्याला एकच गोष्ट विचारायला लावली होती, मुलगी परत कधी दिसेल म्हणून. मी सांगितलं होतं, दर दोन वर्षांनी घेऊन येईन. तेरा वर्षं झाली. कुठल्या तोंडानं जायचं?

आई: तू काय मुद्दाम केलंस? लसूण होता. मग तो साथीचा आजार आला, विमानंच बंद. मग माझा गुडघा.

जोंगपिल: दर वेळी काहीतरी होतंच. आणि आई, मला ते बरंच वाटायचं.

आई: हं.

जोंगपिल: साइगॉनहून बसनं चार तास, मग होडी. दोन्ही काठांना नुसती नारळाची झाडं. धक्क्यावर पंचवीसेक माणसं उभी होती. मला वाटलं, आता कुणीतरी बोलणार, एवढ्या वर्षांनी आठवण झाली का म्हणून. कुणी काही बोललं नाही. माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि शहाळं दिलं. आत सासरे झोपून होते. उजवी बाजू गेलीय, बोलणं नीट येत नाही. डाव्या हातानं माझा अंगठा धरला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे बघून काहीतरी बोलले. ल्वान काही सांगेना. शेवटी मी दासोमला विचारलं.

आई: तिला कुठं येते ती भाषा? मी बजावलं होतं, पोरीशी आपल्याच भाषेत बोलायचं.

जोंगपिल: अंघोळ घालताना शिकवायची म्हणे. न्हाणीघरात आपण ऐकायला नसायचो. मलाही तिथंच कळलं.

आई: बरं, काय म्हणाले ते?

जोंगपिल: दासोम म्हणाली, आजोबा म्हणतायत, बाबा किती म्हातारे झालेत.

आई: तू? तो स्वतः केवढाय?

जोंगपिल: माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. मी जावई म्हणून वाकून नमस्कार केला, तर शेजारच्या बायका तोंडाला पदर लावल्यासारख्या हसल्या. काय करणार?

आई: जेवायला काय देत होते?

जोंगपिल: देत नव्हते, कोंबत होते. नदीतले मासे, झिंगे, भात. चौथ्या दिवशी पोट बिघडलं. तिच्या आईनं मला पालथं पाडलं, पाठीला तेल चोळलं आणि एका नाण्यानं वरपासून खालपर्यंत खरवडून काढलं. पाठभर लाल पट्टे.

आई: नाण्यानं? दाखव बघू.

जोंगपिल: गेले आता. पण दुसऱ्या दिवशी उतार पडला, खोटं कशाला बोलू? पोटाचं काही नव्हतं गं. मला तिथं काही म्हणजे काही समजत नव्हतं. सगळे हसले की मीही हसायचो. लहान पोराला देतात तसं ताट पुढ्यात यायचं. कुणी माझ्याकडे बघून बोललं की मी ल्वानकडे बघायचो, आणि ती कामात असली की नुसता बसून राहायचो. एक दिवस सगळे जेवत होते, मी उठून नारळाच्या बागेत गेलो आणि मोठमोठ्यानं बोललो. एकटाच. खालच्या वाफ्याला बियाणं किती लागेल, ठिबकच्या नळ्या बदलायच्यात, असलंच. आपला आवाज आपल्या भाषेत ऐकायचा होता.

आई: वेड लागलं होतं का?

जोंगपिल: तेव्हा आठवलं. ती आली त्या पहिल्या हिवाळ्यात ती तुला कोंबड्यांशी बोलताना सापडली होती.

आई: हो. मला वाटलं, डोक्यानं कमी आहे. लग्न जमवणाऱ्या दलालानं फसवलं आपल्याला.

जोंगपिल: तसं तू माझ्यादेखत म्हणालीसही. आणि मी काही बोललो नाही.

आई: तिला कुठं समजत होतं तेव्हा?

जोंगपिल: आई, मला तिथं एक शब्द समजत नव्हता. पण माझ्याबद्दल कुणी काय बोलतंय ते सगळं समजत होतं.

आई: चाकू बोथट झालाय. तो दुसरा दे.

जोंगपिल: हा घे. आणि एक सांगू? तिथं तिला नावानं कुणी हाक मारत नाही. घरातलं शेंडेफळ ना, सगळं गाव तिला त्याच नावानं ओळखतं. ती ओसरीवर बसली की माणसं जमतात. ती बोलायला लागली की बोलतच राहते, भराभर, हातवारे करून. नकला करते आई ती.

आई: कोण, दासोमची आई? जिच्या तोंडून "हो" आणि "बरं" याखेरीज तिसरा शब्द निघत नाही, ती?

जोंगपिल: तीच. त्या दलालाची केली, पोट पुढं काढून. मग आपल्या सरपंचाची, तो सकाळी सहाला भोंग्यावरून खोकतो ना, तशी. ती माणसं कधी इकडं आली नाहीत, पण हसून हसून आडवी. आणि मग तुझी केली.

आई: माझी?

जोंगपिल: एका हातानं गुडघा धरायचा, दुसऱ्या हातानं भाताचा डाव. ताट भरलेलं असलं तरी वर आणखी एक डाव थापायचा आणि डोळे वटारायचे. शब्द त्यांचे होते, पण मी ओळखलं. तूच होतीस. तिचे म्हातारे वडील, ज्यांना धड हसताही येत नाही, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आई: म्हणजे माझी चेष्टा करतात सगळे तिथं बसून.

जोंगपिल: तसं नाही. त्या घरात सगळ्यांना तू माहीत आहेस. तिच्या आईनं पहिल्याच दिवशी विचारलं, विहीणबाईंचा गुडघा कसा आहे. तुला लसणाचं लोणचं खारट लागतं हेही त्यांना ठाऊक आहे. मी तेरा वर्षांत तिच्या आईचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. आणि मला वाटत राहिलं, ही माझी बायको एवढी बोलते, एवढी हसवते, आणि मी तिला मुखदुर्बळ समजत होतो. आपल्या भाषेत तिला हळू हळू बोलावं लागतं. विनोद हळू बोलून होत नाही.

आई: बरं. ते झालं. मग राहिली का ती? तिनं मागितलं?

जोंगपिल: नाही, तीच तर गोष्ट आहे. तिनं मागितलंच नाही. निघायच्या आधी दोन दिवस तिनं सगळ्यांचे कपडे भरून ठेवले. इकडे वडील तिच्या हातूनच खातात. दुसऱ्या कुणी चमचा धरला की तोंड मिटून घेतात. ती पाणी आणायला उठली तरी नजर दाराशी. डॉक्टर म्हणाला, महिना जाईल, दोन जातील, सांगता येत नाही. आणि ही मला म्हणते, चला, लसूण लावायचाय. एकदा तिकीट पुढं ढकललं, दुसऱ्यांदा ढकललं. सण गेला. मग मला राहवेना. मी म्हटलं, तू राहा, मी जातो.

आई: झालं. तूच म्हणालास.

जोंगपिल: मी म्हणालो. आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पिशवीतून माझे कपडे बाहेर काढले, एक एक घडी घातली आणि दुसऱ्या पिशवीत भरले. दुपारी जेवली नाही. थोड्या वेळानं तिचा मोठा भाऊ आला, माझ्यासमोर बसला आणि नुसता बघत राहिला. मला कळेना माझं काय चुकलं. मग दासोम जवळ आली आणि विचारते, बाबा, आम्ही आता आजीकडे परत यायचं नाही का?

आई: अगं बाई.

जोंगपिल: तिला वाटलं, मी तिला टाकून चाललो. तेरा वर्षांत मी तिला माहेरी "राहा" असं कधी म्हटलंच नव्हतं. मग तो शब्द एकदम आला की माणूस दुसरं काय समजणार?

आई: तुझ्या बापासारखाच आहेस तू. अर्धं बोलायचं, अर्धं गिळायचं. मग?

जोंगपिल: ती नदीच्या पायऱ्यांवर कपडे धूत होती. शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, मी वचन मोडलं, आता ते थोडं तरी पाळू दे. लसूण मी आणि आई बघू. वडिलांचं होईल ते होऊ दे, मग फोन कर, मी स्वतः न्यायला येईन. तिनं एकच विचारलं, आई काय म्हणतील?

आई: मग काय सांगितलंस?

जोंगपिल: सांगितलं, आईनंच फोनवर म्हटलंय, तिला राहू दे.

आई: मी? कधी? मला तर तू काही विचारलंच नाहीस.

जोंगपिल: नाही विचारलं.

आई: खोटं बोललास. माझ्या नावानं.

जोंगपिल: हो.

आई: आणि आली नाही परत तर? तुला काय वाटतं, बैठकीतल्या बायका उगाच बोलतात? चौकाजवळच्या घरची सून माहेरी गेली, ती गेलीच. म्हणून तर मी तेव्हा…

जोंगपिल: म्हणून तर तू तेव्हा तिचा पासपोर्ट लपवलास.

आई: कुणी सांगितलं तुला?

जोंगपिल: तिनं. तिथंच, पायऱ्यांवर.

आई: तिला काय माहीत? नागरिकत्वाचे कागद करायचे होते तेव्हा मी "सापडला" म्हणून आणून दिला होता.

जोंगपिल: पहिल्याच उन्हाळ्यात तू मेल्यावर घालायला शिवून ठेवलेले कपडे ऊन द्यायला काढले होतेस. पेटी तिनं उचलली. बाहीच्या घडीत पासपोर्ट होता. तिनं बघितला आणि होता तसा ठेवून दिला.

आई: चार वर्षं तिला माहीत होतं?

जोंगपिल: चार वर्षं.

आई: मग घेतला का नाही? मी तर रोज शेतावर असायचे. घर उघडंच.

जोंगपिल: मीही तेच विचारलं. म्हणाली, आधी फार राग आला. पेटीकडे बघून रडायची म्हणे. मग तिच्या मनात आलं, जी म्हातारी आपल्या मरणाच्या कपड्यांत माझा पासपोर्ट ठेवते, तिला मी जायला नकोय. त्या घरात तेवढं तरी मला कुणी दाखवलं. हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मी काहीच दाखवलं नव्हतं ना.

आई: लसणाची झळ लागली डोळ्याला. बायका म्हणाल्या होत्या, लपव. मी लपवला. एवढी बारीक पोर होती, बावीस-तेवीसची. रोज पेटीजवळून जाताना मला कसंतरी व्हायचं. वाटायचं, विचारेल, मग देऊन टाकीन. कधी विचारलंच नाही तिनं.

जोंगपिल: आता तिचा पासपोर्ट तिच्याकडेच आहे. दासोमचापण. मी बजावून आलोय, तुझ्या पिशवीत ठेव, कुणाला देऊ नकोस.

आई: मलाही नाही?

जोंगपिल: तुलाही नाही.

आई: बरं केलंस.

(फोन वाजतो.)

जोंगपिल: तीच आहे. या वेळेला वडिलांचं जेवण आटोपतं. हॅलो. हो, ऐकू येतंय. कसे आहेत? पेज घेतली? थोडी तरी घेतली ना, बरं झालं. हो, इथंच आहे शेजारी. आई, तिला तुझ्याशी बोलायचंय.

आई: काय बोलू मी?

जोंगपिल: मला काय माहीत? धर.

आई: हॅलो. हं, मी बोलतेय. दिसतेस, दिसतेस. वाळलीस.

ल्वान: आई, तुम्ही जेवलात?

आई: जेवले. तू?

ल्वान: हो. आई, गुडघा?

आई: गुडघ्याला काय धाड भरलीय? तू तिकडचं बघ.

ल्वान: आई, एक विचारू? दासोमचे बाबा म्हणाले, तुम्ही सांगितलं. राहा म्हणून. तुम्ही खरंच सांगितलं?

आई: …

ल्वान: आई? आवाज गेला का? आम्ही येतो. बाबांना दादा आहे, वहिनी आहे. लसूण…

आई: सांगितलं. मीच सांगितलं त्याला. एकदा सांगितलं ते पुरत नाही का? लसूण आम्ही लावतो, तू वडिलांजवळ बस. घाई करू नकोस. शाळेचं तो बघेल.

ल्वान: हो. बरं.

आई: आणि नुसतं "हो, बरं" काय करतेस? तिथं म्हणे फार बोलतेस.

ल्वान: त्यांनी सांगितलं तुम्हाला?

आई: सगळं सांगितलं. डावसुद्धा. इकडे आलीस की करून दाखवायचं, मला बघायचंय. ऐक, तुझी आई आहे का तिथं जवळ?

ल्वान: आहे. मागे बसलीय.

आई: तिच्याकडे दे फोन.

ल्वान: आई, पण तिला आपली भाषा येत नाही.

आई: मला तरी कुठं तिची येते? दे तू.